तुम्ही थांबलात ती जागा

अण्णा, तुमची सनई देवळात आता पहिल्यापेक्षा स्वच्छ वाजते. मागची खरखर गेली. मध्येच कुणाचं तरी खोकणं ऐकू यायचं, तेही गेलं. सकाळी डेअरीवर दूध आणायला गेले की माणसं थांबवून सांगतात, "काकू, काय वाजतीय वो अण्णांची सनई! जणू घाटावरच बसल्यात." मी मान हलवते आणि पिशवी घेऊन घरी येते. तुम्हाला जाऊन पस्तीसएक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मला तरी सातवीच्या पुढं कुणी पाठवलं होतं? पुढचं सगळं मी वाचनालयातून आणून एकटीनं वाचलं. त्यामुळं वाचायचं कसं ते कळतं, लिहायचं कसं ते फारसं कळत नाही. पण गेल्या महिन्यात जे झालं ते ज्याला सांगावं असं माणूस आता घरात उरलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

आपलं जुनं स्वयंपाकघर आठवतं मला. आई चुलीपाशी भाकरी थापते आहे आणि मी उंबऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन बसले आहे. परसातल्या पपईच्या पानाचा देठ तुम्ही कापून दिलेला, पोकळ नळीसारखा. त्याचं एक टोक पाण्यात, एक तोंडात. फुंकत राहायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. गालात हवा धरायची, ती सोडता सोडता नाकानं नवा श्वास घ्यायचा. सुरुवातीला मी निम्मं पाणी प्यायची. मग हळूहळू जमायला लागलं. सनईच्या जोडीत एकजण चाल वाजवतो आणि दुसरा नुसता एकच सूर धरून बसतो, न तोडता, पहिल्यापासून शेवटपर्यंत. देवळात तो सूर काका धरायचे. पण घरी तुमचा रियाज असायचा तेव्हा काका दुसऱ्यांच्या शेतात नाहीतर पारावर, मग तुम्ही सुराची सनई माझ्या हातात दिलीत. मी असेन दहा-अकरा वर्षांची. आई म्हणायची, "आवं, पोरीचं गाल बघा की, लाडवावानी झाल्यात. लगीन कसं व्हायचं हिचं?" तुम्ही म्हणायचा, "हुईल. गाल बघूनच करणारा मिळंल कुणीतरी." आणि मला म्हणायचा, "तिकडं बघू नगंस. माझं बी ऐकू नगंस. सूर धरणाऱ्यानं ऐकायचं न्हाई, धरायचं."

हे मला फार अवघड जायचं. एवढी चाल कानाशी वाजत असताना ऐकायचं नाही म्हणजे काय? आत एकदा गेलं की आपला श्वास कुठं आहे ते विसरायला होतं. तुम्ही ते ओळखायचा. सूर जरा हलला की वाजवता वाजवता पायाचा अंगठा जमिनीवर आपटायचा. मग मी डोळे मिटून घ्यायची. दार लावून आपला रियाज चालायचा, कारण बाईमाणसानं सनईला तोंड लावलेलं देवळाच्या लोकांना चाललं नसतं. काकांनाही नाही. तुम्ही त्यावर कधी बोलला नाहीत. तुम्ही फक्त दार लावायचा.

टेप केली तो दिवस उन्हाळ्याचा. लग्नसराईत तुम्ही सुपाऱ्या घेऊन बाहेरगावी जायचा आणि देवळातली सकाळ मुकी जायची, म्हणून कमिटीनं ठरवलं होतं की अण्णांची सनई टेप करून ठेवायची, म्हणजे ते नसतील त्या दिवशी लावता येईल. स्पीकरच्या दुकानातला मुलगा साताऱ्याहून कुणाची तरी चांगली मशीन मागून घेऊन आला होता, संध्याकाळच्या गाडीनं ती परत पोचवायची होती. आणि त्याच सकाळी काकांची दाढ सुजली. गाल एवढा, की तोंडात घास जाईना. चौघडेवाला नव्हताच, तो सासुरवाडीला गेलेला. तुम्ही बराच वेळ ओट्यावर बसलात. मग आत येऊन मला म्हणालात, "हातपाय धू आन् ये." त्या मुलाला म्हणालात, "ही गोष्ट हितंच ऱ्हायली पायजे." तो म्हणाला, "कुठली गोष्ट?" तुम्ही त्याच्याकडं बघितलंत आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसलात.

त्यानं माजघराच्या खिडकीला आणि दाराला वाकळा टांगल्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. आत नुसता उकाडा. तुम्ही भिंतीला टेकून, मी तुमच्या डाव्या अंगाला, आणि मध्ये तो माइक, त्याला त्यानं आईचा एक जुना रुमाल गुंडाळलेला. त्यानं हात वर केला आणि मी सूर धरला. अण्णा, त्या दिवशीसारखं तुम्ही पुन्हा कधी वाजवलेलं मी ऐकलं नाही. नेहमीचीच ती सकाळची धून, कशी वाढते आणि कुठं वळते ते मला पाठ होतं, तरी त्या दिवशी ती निराळीच वाटत होती. आणि मग जे व्हायचं तेच झालं. मी ऐकलं. माझा सूर पातळ झाला, हलला, तुटला. कानात नुसती घूं घूं. डोळे मिटलेले. कसाबसा श्वास भरला आणि पुन्हा सूर धरला, तर तुम्ही वाजवतच होता आणि मी परत त्यात होते. शेवटपर्यंत मग तुटला नाही. मशीन बंद झाल्यावर त्या मुलानं खाली बघत विचारलं, "अण्णा, परत घ्यायचं का एकदा? वेळ हाय अजून." तुम्ही सनईच्या तोंडाची पत्ती काढून पुसत होता. म्हणालात, "नगं. आता परत असं व्हायचं न्हाई."

ते वाक्य मी जन्मभर उचलून फिरले. मला वाटलं, पोरीनं घाण केली, आता हिच्याबरोबर परत नाही बसायचं, असं तुमच्या मनात आहे. तुम्ही पुढं त्यावर शब्द काढला नाहीत, त्यामुळं तर खात्रीच पटली. दोन-तीन दिवसांनी तुम्ही इस्लामपूरच्या बाजारातून माझ्यासाठी एक पुस्तक आणलंत. उसावरच्या रोगांचं. काणी, तांबेरा, मुळं कुजणं, पानांच्या चित्रांसकट. तुम्हाला वाचता येत नव्हतं, दुकानात सगळ्यात जाड होतं ते उचललं असणार. आई एवढी हसली, "आवं, आपली गुंठाभर जमीन न्हाई, आन् पोरगी रोग कशाचं बघंल?" तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "आता हे धर." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाचायची सवय मला त्या पुस्तकानं लावली, हे खरं. पण त्या दिवशी मी परसात जाऊन रडले होते, कारण त्यानंतर सुराची सनई तुम्ही माझ्या हातात दिली नाहीत. मी मोठी होत होते, काका बरे झाले होते, आईनं नको म्हटलं असेल, कारणं कितीतरी असतील. मला एकच माहीत होतं.

पुढं त्या टेपनं तुमचं काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे. आधी तुम्ही नसाल तेव्हा लावायची होती. मग पावसापाण्याचं कशाला यायचं अण्णांनी, म्हणून लावायला लागले. मग रोजच. तुम्ही मात्र उठायचा, आंघोळ करायचा आणि सवयीनं घाटावर जाऊन पायरीवर बसायचा. वर तुमचीच सनई लागलेली. पुजारीबुवा म्हणायचे, "अण्णा, आत या की." तुम्ही म्हणायचा, "मी हाय की आत. आयकताय न्हवं?" लोक हसायचे. मला ते आईनं सांगितलं तेव्हा मीही हसले होते. तेव्हा माझं लग्न ठरलं होतं, त्या स्पीकरच्या दुकानातल्या मुलाशीच. ज्यानं तुमची रोजी घालवली त्याला मुलगी कशी देताय, असं काका बोलले होते. तुम्ही म्हणालात, "त्येला गोष्ट ठेवता येती."

आणि त्यांनी ठेवली. आमचं घर देवळाच्या मागच्या आळीत, त्यामुळं रोज पहाट सरता सरता तुमची सनई घरात यायची. माझा सूर तुटला ती जागा जवळ आली की हे अंथरुणातूनच म्हणायचे, "आला बघ तुझा खड्डा." मी रागानं पाठ फिरवायची. सून आली, नातू झाला, तरी यांचं चालूच. कुणाला कळायचं नाही, काय खड्डा, कुठला खड्डा. सून एकदा म्हणाली, "मामा, रस्ता तर चांगला हाय की." यांना हसू आवरेना. टेप झिजायला लागली तेव्हा यांनीच ती दुसऱ्या टेपवर घेतली, मग सीडी केली, मग पेन ड्राइव्ह. महापुरात देवळातला सगळा सेट वाहून गेला, जुनी टेपही गेली, पण पेन ड्राइव्ह यांच्या कपाटात होता म्हणून तुमची सनई राहिली. चार-पाच वर्षांपूर्वी हे गेले. हार्टचं होतं, सांगलीला नेईपर्यंतच. त्यानंतरच्या सकाळी सनई लागायची, ती जागा यायची आणि कुणीच काही बोलायचं नाही. मला वाटायचं, एवढं आयुष्य या माणसाबरोबर काढलं आणि मला त्याचं कुठलं बोलणं हवं आहे, तर माझी चेष्टा.

आता गेल्या महिन्याचं. कमिटी देवळात नवीन सेट बसवत होती, त्यावर लावायला तुमची सनई स्वच्छ करून हवी होती, आणि विश्रामबागेतल्या कॉलेजात संगीत शिकवणाऱ्या एक बाई आपल्या भागातल्या जुन्या सनईच्या धुनांचं पुस्तक काढतायत, स्वरलिपीसकट. दोन्ही कामं एकत्रच करायची ठरली आणि एके दुपारी त्या बाई लॅपटॉप घेऊन मला ऐकवायला आमच्या घरी आल्या. बरोबर इस्लामपूरकडचा एक सनईवाला, तिशीचा असेल, मोठ्या मोठ्या लग्नांत वाजवतो. आणि तिसरा यांचं दुकान आता जो चालवतो तो. हा यांच्या हाताखाली शिकला, यांना काका म्हणायचा, मला काकू म्हणतो. घरात किती दिवसांनी सुरांचं बोलणं झालं, अण्णा. मी चहा टाकला आणि दारातच बसून राहिले.

सनईवाल्याचं आणि दुकानवाल्याचं आल्यापासून जुंपलेलं. दुकानवाला म्हणत होता, "तुमाला माइक दिला की तुमी वाजवता वाजवता वऱ्हाड बघत हिंडता. सनई पूर्वेला, माइक पश्चिमेला. वर म्हणायचं, आवाज येत न्हाई."

"आन् तुमी? ढोलाला चार माइक, आमाला एक, त्यो बी निवेदकाकडनं उसना. निवेदक उठला की आमचा आवाज उठला."

"सनईला माइक कशाला लागतोय गड्या? तशीच शेजारच्या गावाला जाती."

"हे बगा आजी," सनईवाला माझ्याकडं वळला, "अण्णांच्या काळात बरं होतं. असले लोक न्हवते."

"होते," मी म्हणाले. "एक होता. त्याच्याशीच लग्न केलं मी."

तिघंही हसले. बाईंनी लॅपटॉप उघडला. त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. अलीकडं असं निघालंय की एका रेकॉर्डिंगमधले दोन आवाज वेगळे करता येतात, आणि सॉफ्टवेअर ऐकून ऐकून स्वर आपोआप लिहून काढतं. पडद्यावर तुमची धून बारीक बारीक चौकोनांत उतरली होती. बाई म्हणाल्या, ते सगळं बरोबर लिहीत नाही, हातानं पुष्कळ दुरुस्त करावं लागतं, एका सुरावरून दुसऱ्यावर ओढत नेलं की त्याचे ते तुकडे करतं. सनईवाला म्हणाला, "अण्णांनी घसरगुंडी वाजवली आन् ह्येनं शिडी काढली." पण माणूस मनापासून ऐकत होता. एकेका जागेला "अगाई" म्हणून मांडीवर हात मारत होता. खाली चौघडा नाही, काही नाही, तरी तुमची मात्रा केसभर हलत नाही, असं बाईंनी रेघा दाखवून सांगितलं. घड्याळ लावून बसल्यासारखं. मला फार बरं वाटलं. तुम्ही ते ऐकायला हवं होतं.

"फक्त इथं," बाई म्हणाल्या.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. एक लांब चौकोन होता, सगळ्यांपेक्षा लांब. "इथं अण्णा मध्येच षड्जावर येतात आणि थांबतात. दोन-अडीच मात्रा जास्त. मग पुढची ओळ घेतात. आता खाली चौघडा टाकायचा म्हटलं तर हे बसत नाही."

"इसरले असतील पुढची वळ," सनईवाला म्हणाला. "होतंय कवा कवा. आमचं तर रोज होतंय."

"आणि बघा, ते थांबले तेव्हाच खालचा सूरही तुटलाय. ते अडखळले म्हणून खालचा माणूस गडबडला असणार." बाईंनी कळ दाबली. आधी नुसता खालचा सूर लावला. अण्णा, मी माझा सूर एकटा कधीच ऐकला नव्हता. एवढ्याशा पोरीचा दम, किती नेटानं धरलेला. तो पातळ झाला, हलला आणि गेला. मग शांतता. मग त्यांनी नुसती तुमची सनई लावली. तुम्ही चाल वाजवत वर निघाला होता आणि अर्ध्यातून खाली आलात. माझ्या सुरावर आलात आणि तिथंच राहिलात. मी जिथं सोडला होता तिथून उचलून तो तुम्ही धरून ठेवलात, सरळ, काही नक्षी नाही, काही नाही. दोघांचे आवाज एकत्र असताना हे कधी कळलं नव्हतं, कारण सूर एकच, कोण धरून बसलंय ते कळायचं कसं? म्हणून तर मला परत शिरता आलं होतं. मला वाटायचं, मी माझी मी सावरले.

मी म्हणाले, "उलटं आहे ते."

"काय आजी?"

"आधी खालचा सूर तुटला. म्हणून अण्णा थांबले. चाल सोडून त्यांनी तो सूर धरला, तो परत येईपर्यंत."

सनईवाल्यानं मान हलवली. "न्हाई वो आजी. खाली तुमचे काका होते न्हवं? आमच्या वडलांनी त्यांना ऐकलंय. गडी बिडी वडत वडत सूर धरायचा म्हनत्यात. त्यो माणूस सोडतोय व्हय मधीच?"

"काका नव्हते," मी म्हणाले. "मी होते."

मी सांगितलं सगळं. दाढेचं, वाकळांचं, रुमालाचं. मला वाटत होतं मी नीट सांगते आहे, पण मध्येच मी उसाच्या रोगांच्या पुस्तकाकडं कशी गेले तेच कळलं नाही. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि पाण्याचा पेला पुढं केला. दुकानवाला खाली बघत होता. तो म्हणाला, "काकू, बोललं न्हाई कुणी अण्णांना काय. एवढा मोठा माणूस, एका जागी चुकला तर काय झालं? तुमी कशाला स्वतावर घेताय?"

"खरं सांगते आहे मी. तुझ्या काकांनीच, आमच्या यांनीच, टेप केली होती."

"काका मला कवाच बोलले न्हाईत."

ते कसे बोलतील? त्यांना गोष्ट ठेवता येत होती.

सनईवाल्यानं पिशवीतून सुराची सनई काढली आणि माझ्यापुढं धरली. त्याच्या मनात वाईट नव्हतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. "धरून बगता का, आजी?" मी घेतली. पत्ती ओठात धरली. कवळी लागल्यापासून तोंडात हवा राहत नाही, दिवा विझवायचा तरी दोनदा फुंकावं लागतं. नुसता फुस्स आवाज आला आणि हनुवटीवर थुंकी. मी पदरानं पुसली आणि ती परत दिली. सनईवाल्यानं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "लेक असावी तर अशी," तो दुकानवाल्याला हळूच म्हणाला. मला ऐकू आलं. त्या पोरांच्या नजरेत एवढी माया होती, अण्णा, की त्यापुढं माझं काही चाललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते.

पुस्तकात त्या ओळीखाली बाईंनी एक तळटीप लिहून ठेवली होती. पडद्यावर मी ती वाचली: मूळ ध्वनिमुद्रणात येथे वादकास पुढील ओळ आठवली नसावी. मी छापलेल्यावर वाढलेली बाई आहे. मला माहीत आहे, आपण सगळे गेल्यावर ते राहतं. ज्या माणसानं ती धून उभा जन्म देवापुढं वाजवली त्याला ती आठवली नसावी, असं वाचनालयात पडून राहणार. बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, मी ही टीप काढते. तुमच्यासाठी. ते दोन स्वर सरळ जोडून टाकू, कुणाला कळणारही नाही." आणि माझ्यासमोरच त्यांनी ती पुसली. मग तो लांब चौकोन धरला आणि आत ढकलला. दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींना येऊन मिळाल्या. मला त्यांचे आभार मानावे लागले. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

आता तुमची चूकही राहिली नाही आणि तुमचं थांबणंही. नवीन सेटवर तुम्ही एकटे वाजता. खाली मोबाइलमधला कसला तरी सूर आहे, तो कधी तुटत नाही, आणि बेताचा चौघडा. ऐकायला खरंच छान आहे. मी रागावलेली नाही. कुणावर रागवायचं? माझ्याकडं पेन ड्राइव्ह आहे, नातू म्हणतो लावून देतो, त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. मला सारखं वाटतं, हे असते तर एका वाक्यात काम झालं असतं. त्यांनी दुकानवाल्याच्या पाठीत धपाटा घालून सांगितलं असतं, अरे, मी होतो तिथं. खरं सांगायला दोन माणसं लागतात, हे मला या वयात कळलं. एकट्या बाईनं सांगितलं की लोक तिला पाणी देतात.

आणि तुम्हाला विचारायचं ते राहूनच गेलं. "आता परत असं व्हायचं न्हाई," म्हणालात ते कशाला म्हणालात? मी घाण केली म्हणून, की तुमची सनई त्या दिवशी तशी लागली म्हणून, की माझा सूर हातात धरून थांबलात, ते परत व्हायचं नव्हतं म्हणून? मी ते वाक्य आता सगळ्या बाजूंनी वाचते, पण नुसत्या शब्दांत काही सापडत नाही. तुमचा चेहरा बघायला हवा होता आणि मी तेव्हा जमिनीकडं बघत होते.

पहिल्या दिवशी नवीन सनई लागली तेव्हा मी अंथरुणात उठून बसले होते. ती जागा जवळ आली. माझा श्वास आपोआप अडकला आणि तुम्ही थांबला नाहीत. सरळ पुढं गेलात. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी सकाळीच कमिटीच्या माणसाकडं गेले आणि त्याला म्हणाले, आपल्या आळीकडं तोंड केलेला स्पीकरचा कर्णा जरा नदीकडं फिरवता येईल का? मला प्रेशरचा त्रास आहे, डॉक्टरांनी मोठ्या आवाजापासून जपायला सांगितलंय. बिचाऱ्यानं त्याच दिवशी माणूस चढवून तो फिरवला. आता तुमची सनई पलीकडच्या काठाला जाते, उसाच्या रानात. डॉक्टर मला तसं काही बोललेले नाहीत, अण्णा.